वाऱ्यातली शिडाची होडी

मंडळी, कोकणच्या खाड्यांत आता बहुतेक होड्यांना इंजिने बसली आहेत. तरी हौसेने शीड शिकणारा एखादा तुमच्या गावात निघतोच. त्याला एवढे सांगा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. उन्हाळ्यात सकाळी खाडी कशी शांत असते! दुपारी वायव्येचा वारा सुटतो, आणि नवशिक्या तेच मोठे शीड घेऊन निघतो. शीड लहान करायचे ते किनाऱ्यावरच. हेलकाव्यांत ते जमत नाही.

दुसरी चूक याहून वाईट. हात भरून येतो म्हणून तो शिडाची दोरी होडीला पक्की बांधून टाकतो. अहो, झोत आला, होडी कलली, की ती दोरी झटक्यात सैल सोडायची असते. मग शीड फडफडते, वाऱ्याचा जोर जातो, होडी सरळ होते. गाठ सोडीत बसाल तर तेवढ्यात पाणी आत! अंगाचा भारही वाऱ्याच्या बाजूला हवा. घाबरलेला माणूस नेमका कललेल्या बाजूला सरकतो.

आणि उलटलीच होडी, तर किनारा जवळ दिसला तरी पोहत सुटू नका. उलटलेली लाकडी होडी बहुधा तरंगत राहते. तिला धरून राहा, म्हणजे शोधणाऱ्याला दिसाल.