ठराव एकमताने मंजूर

सरकारी नोकरीच्या पस्तीस वर्षांत ज्या तीन शब्दांनी मला सर्वाधिक दिलासा दिला ते म्हणजे ‘ठराव एकमताने मंजूर’. एकमत असले की वाद नसतो, वाद नसला की बंदोबस्त लागत नाही आणि बंदोबस्त लागला नाही की जिल्हाधिकारी संध्याकाळी वेळेवर घरी जातो. या शब्दांकडे संशयाने पाहायला मी फार उशिरा शिकलो, आणि त्या उशिराची किंमत मला नव्हे, दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली.

नव्वदच्या दशकात मी एका हिंदी भाषक राज्यात जिल्हाधिकारी होतो. जिल्ह्यातील एका रेल्वे जंक्शनच्या गावात चाळीसेक ख्रिस्ती कुटुंबे राहत. कोणी रेल्वेच्या यार्डात कामाला, कोणी इस्पितळात परिचारिका, दोघे-तिघे शिक्षक. गावाबाहेरचा दीडेक एकराचा एक तुकडा त्यांची दफनभूमी म्हणून वापरात होता आणि जुन्या खसऱ्यात तशी नोंदही होती. गाव वाढत वाढत त्या तुकड्यापर्यंत पोहोचले, शेजारून नवा रस्ता गेला आणि जमिनीला भाव आला. नगरपालिकेने तेथे दुकानांचे संकुल बांधण्याचा ठराव केला. पर्यायी जागा ‘यथावकाश’ देण्यात येईल, असे ठरावात म्हटले होते. वीस नगरसेवक, वीस मते. सत्ताधारी आणि विरोधक त्या कार्यकाळात बहुधा तेवढ्या एकाच दिवशी एकत्र आले असतील.

त्या समाजातील एक निवृत्त मुख्याध्यापक मला भेटायला आले. मी म्हणालो, ‘‘मास्टरजी, लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेचा ठराव आहे. आपले म्हणणे आपण आधी नगरसेवकांपुढे मांडायला हवे होते.’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, आमची घरे सात वॉर्डांत विखुरलेली आहेत. एका वॉर्डात फार तर पंधरा-वीस मते. तेथे मोजदाद होते, आणि मोजदादीत आमचे काय होते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तिकडे न जाता तुमच्याकडे आलो.’’

मला त्यांचे म्हणणे पटले. नगरपालिका कायद्याप्रमाणे ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकारही माझ्याकडे होता. मी फाइलवर ‘चर्चा करावी’ असे लिहिले. ज्यांनी सचिवालयात किंवा कलेक्टर कचेरीत काम केले आहे त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको.

मी इतिहासाचा विद्यार्थी. मास्टरजी जे बोलले ते याआधी कोठे बोलले गेले होते, हे मला तरी तेव्हाच आठवायला हवे होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयर्लंडचा एक दाखला दिला होता. आयर्लंड एकसंध राहावा म्हणून रेडमंड यांनी अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांचे नेते कार्सन यांना हवी ती संरक्षणे देऊ केली. कार्सन यांनी ती संरक्षणे धुडकावली, कारण त्यांना मुळात ते राज्यच नको होते. भारतातील कोणत्याही अल्पसंख्य समाजाने ही भूमिका घेतलेली नाही, असे बाबासाहेबांनी सभेला बजावले. येथील बहुमत हे मूलतः राजकीय बहुमत नसून जमातीचे बहुमत आहे, तरीही अल्पसंख्याकांनी त्याचे राज्य निष्ठेने स्वीकारले आहे. तेव्हा भेदभाव न करण्याचे कर्तव्य ओळखण्याची जबाबदारी बहुसंख्याकांची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अल्पसंख्याकांनी आपले वेगळेपण कायमचे जोपासत राहणे हेही तितकेच चूक, असे त्याच भाषणात त्यांनी म्हटले आहे. आपल्याकडे प्रत्येक जण आपल्या सोयीचे अर्धे भाषण उद्‌धृत करतो.

राजकीय बहुमत आणि जमातीचे बहुमत यांतील हा फरक मला आजही संपूर्ण प्रश्नाचा गाभा वाटतो. राजकीय बहुमत घडते, मोडते, पुन्हा घडते. आज हरलेला पक्ष उद्या लोकांचे मन वळवून सत्तेवर येऊ शकतो, आणि ही आशा असते म्हणूनच तो आजचा पराभव मुकाट्याने मान्य करतो. बहुमताच्या राज्याला जो नैतिक आधार आहे तो या आशेचा. जन्माने ठरलेल्या बहुमतापुढे ही आशाच नसते. त्या चाळीस कुटुंबांनी घरोघर प्रचार केला असता, सभा घेतल्या असत्या, तरी पुढच्या निवडणुकीत ती चाळीसच राहिली असती. ज्याची पाळी कधीच येणार नाही त्याला ‘पाळीची वाट पाहा’ असे सांगता येत नाही. त्याच्यासाठी काही गोष्टी मतदानाच्या कक्षेबाहेर काढून ठेवाव्या लागतात.

आपल्या घटनाकारांनी त्या कोणत्या भावाने बाहेर काढल्या, याचा इतिहास अलीकडे विसरला गेला आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने विभक्त मतदारसंघ रद्द करून संयुक्त मतदारसंघांत अल्पसंख्याकांना राखीव जागा देण्याची शिफारस केली होती. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या त्या राखीव जागाही वगळण्यात आल्या. संयुक्त प्रांतातील बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागा सोडण्याची बाजू हिरिरीने मांडली. अशा जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडतील, हे त्यांचे म्हणणे. मद्रासचे मोहम्मद इस्माईल यांच्यासारख्या सदस्यांनी विरोध केला, म्हणजे एकमत तेथेही नव्हते. पटेलांनी त्या चर्चेत बहुसंख्याकांना उद्देशून सांगितले की, अल्पसंख्याकांना काय वाटते आणि आपण त्यांच्या जागी असतो तर आपल्याला काय वाटले असते याचा विचार आपण करायचा आहे. विधिमंडळातील हमखास जागा गेल्यानंतर त्यांच्या हाती उरली ती मूलभूत हक्कांची कलमे: २५ ते ३०. या कलमांना ‘लांगूलचालन’ म्हणणाऱ्यांनी हा व्यवहार एकदा मुळातून वाचावा. एका पक्षाने आपला हिस्सा पूर्वीच चुकता केलेला आहे.

आणि बहुसंख्य कोण, हे तरी कोठे कायमचे ठरलेले असते? नकाशावरची रेघ हलली की तेही हलते. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, आणि आदल्या दिवशी राज्यात बहुसंख्य असलेले हिंदू दुसऱ्या दिवशी नव्या पंजाबात अल्पसंख्य झाले. कोणी घर बदलले नव्हते की धर्म. पुढे आर्य समाजाच्या परंपरेतील डीएव्ही महाविद्यालयांनी पंजाबी विद्यापीठासंबंधीच्या तरतुदींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. केवळ गुरुमुखी लिपीतील पंजाबी हेच शिक्षणाचे माध्यम राहील, ही सक्ती त्यांना जाचत होती. १९७१ साली न्यायालयाने पंजाबातील हिंदूंना अल्पसंख्य मानून ही सक्ती रद्द केली. ज्या कलम ३० कडे अनेक जण ‘त्यांचे’ कलम म्हणून पाहतात, ते तेव्हा ‘आपल्या’ कामी आले. कर्नाटकात भाषिक अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे अधिक चटकन समजेल.

माझ्यासारख्या फाइलीत वाढलेल्या माणसाला मात्र या सर्वांहून अधिक शिकवून गेला तो १९८६ चा केरळमधील राष्ट्रगीताचा खटला. ‘यहोवाचे साक्षीदार’ या छोट्या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. सकाळच्या राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत. आपल्या श्रद्धेप्रमाणे गात मात्र नसत. कित्येक वर्षे कोणाच्या हे लक्षातही आले नव्हते. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या ते लक्षात आले आणि त्याने विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी आयोग नेमला गेला. मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा आयोगाने अहवाल दिला. तरीही २६ जुलै रोजी, शिक्षण उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून, मुख्याध्यापिकांनी मुलांना शाळेतून काढले. सरकारचा आदेश येईपर्यंत तरी मुलांना बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. मुख्याध्यापिकांनी असहायता व्यक्त केली.

त्या असहायतेशी माझा चांगला परिचय आहे. कोणी दुष्ट नव्हते. आमदाराने प्रश्न विचारला, खात्याने सूचना दिली, शाळेने ती पाळली, आणि शेवटी मुले घरी बसली. उच्च न्यायालयात एकसदस्यीय पीठापुढे आणि खंडपीठापुढेही ती हरली. राष्ट्रगीताच्या शब्दांत कोणाच्या धर्माला बाधक असे काहीच नाही, असे तेथे म्हटले गेले. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी हा निकाल फिरवला. ती श्रद्धा आपल्याला पटते की नाही हा प्रश्नच नाही. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे की नाही, एवढेच पाहायचे, असे त्यांनी सांगितले. प्रत्येकाने राष्ट्रगीत गायलेच पाहिजे असा कायदा नाही, १९७१ चा राष्ट्रीय सन्मानासंबंधीचा कायदाही शांत उभे राहण्याला गुन्हा म्हणत नाही. उरली ती शिक्षण खात्याची परिपत्रके. आणि मूलभूत हक्कावर मर्यादा घालायची तर ती कायद्याने घालावी लागते, खात्याच्या परिपत्रकाने नव्हे.

हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याकडून शंभरदा लिहून घ्यावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. अल्पसंख्याकांचे हक्क घटनादुरुस्तीने हिरावले जाण्याचे प्रसंग विरळाच. ते जातात परिपत्रकाने, ‘ना हरकत’ न दिल्याने, तोंडी सूचनेने, पुढे ढकललेल्या तारखेने. आणि त्या प्रत्येक कागदावर शक्यतो लिहिलेले असते की, ‘लोकभावना लक्षात घेता’. न्यायालय असते, पण ते फार पुढे असते. अमेरिकेत याच पंथाच्या मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करणे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये आठ विरुद्ध एक मताने योग्य ठरवले होते. तीन वर्षांनी, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तीन वर्षे म्हणजे शाळकरी मुलाच्या आयुष्यातला केवढा तरी काळ.

याच वर्षांत आपल्याकडे याच प्रश्नाची दुसरी, कमी सुखावह बाजूही समोर आली. एप्रिल १९८५ मध्ये शाहबानो यांना पोटगीचा हक्क न्यायालयाने दिला. पुढच्या वर्षी लोकसभेत चारशेहून अधिक जागा असलेल्या सरकारने नवा कायदा करून तो निकाल निष्प्रभ करण्याचा प्रयत्न केला. अल्पसंख्याकांचे संरक्षण या नावाखाली झालेल्या त्या कायद्याने नेमके संरक्षण कोणाचे केले? समाजाच्या वतीने बोलणाऱ्या पुरुषांचे, त्याच समाजातील एका वृद्ध, परित्यक्त स्त्रीविरुद्ध. २००१ साली न्यायालयाने त्या कायद्याचाच असा अर्थ लावला की घटस्फोटितेला पुढील आयुष्याचीही न्याय्य तरतूद मिळावी. प्रत्येक अल्पसंख्य समाजाच्या आत त्याचे स्वतःचे एक बहुमत असते आणि तेही तितकेच निर्धास्त असते. म्हणून अल्पसंख्याकांच्या हक्कांचा कैवार घेताना मी समाजाच्या प्रवक्त्यांपेक्षा त्या समाजातल्या एकट्या माणसाकडे आधी पाहतो. कलम ३० बाबतही १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयकाच्या सल्ल्यात न्यायालयाने सांगितले होते की, संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. शिक्षकांचे पगार बुडवणाऱ्या संस्थाचालकाने घटनेची ढाल पुढे केली की मला चीडच येते.

माझ्या फाइलवरची ‘चर्चा’ काही झाली नाही. पावसाळा आला. नगरपालिकेने त्या जमिनीभोवती तारेचे कुंपण घातले, पायासाठी दोन चर खणले. जुलैत रेल्वेतील एका फिटरचे वडील वारले. तेथे दफन करू नका, उगाच वाद होईल, असे पोलीस चौकीवरून तोंडी सांगण्यात आले. लेखी काहीच नव्हते. पाऊस कोसळत असताना त्या लोकांनी टेम्पोतून शव चाळीस किलोमीटरवरच्या गावी नेले आणि तेथील दफनभूमीत जागा मागून घेतली. मला हे कळले आठवड्याने, तेही एका वेगळ्याच बैठकीत, जाता जाता. ठरावाला स्थगिती देणारा आदेश मी दुसऱ्या दिवशी काढला. एका पानाचा होता. तयार करायला जेमतेम अर्धा तास लागला.

काही दिवसांनी मास्टरजी पुन्हा आले. ते आभार मानायला आले असावेत, असे मला वाटले. त्यांना आदेशाच्या दोन प्रमाणित प्रती हव्या होत्या आणि नियमाप्रमाणे शुल्क भरल्याची पावती त्यांनी सोबत आणली होती. मी म्हणालो, आदेश नगरपालिकेला पोहोचला आहे, कुंपणही काढले आहे, आता प्रती कशाला? पावती माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले, ‘‘साहेबांची बदली होते.’’