मीटर खूश, अँटेना गायब

आता मीटरकडे येऊ. हॅम रेडिओवाले ट्रान्समीटरशेजारी एसडब्ल्यूआर मीटर लावतात. केबल ५० ओहमची आणि अँटेनाही ५० ओहमचा असला, तर पोचलेली सगळी शक्ती अँटेना घेतो. मीटर १ दाखवतो. जुळणी बिघडली की काही शक्ती परत येते, आकडा चढतो. म्हणजे आकडा कमी तर सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. चालतो ना?

बरं, आरजी-५८ ही बारीक केबल घ्या, सुमारे ५० मीटर. १४५ मेगाहर्ट्झला तिच्यात साधारण १० डेसिबल घट होते, म्हणजे दहातला एकच भाग पलीकडे पोचतो. आता गच्चीवरचा अँटेना चक्क काढून टाका. १०० वॉट सोडले, टोकाशी १० पोचले. तिथे घ्यायला कोणी नाही, दहाच्या दहा उलटे फिरले. परतताना पुन्हा तेवढीच घट; मीटरपाशी आला १ वॉट. मीटर सांगतो, १.२२. उत्तम! उरलेले ९९ वॉट केबल तापवण्यात गेले, आणि हा गडी माइकवर हाका मारतोय.

मीटर खोटं बोलत नाही हं. तो आपल्या टोकाबद्दल बोलतो. गच्चीबद्दलचं अनुमान आपलं. शक्ती परतली नाही, कारण ती स्वीकारली गेली, किंवा वाटेत मेली. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. वर्गात मला इतकं चांगलं उदाहरण कधी सापडलं नाही!

खाली बसवलेला ट्यूनरही ट्रान्समीटरचीच समजूत घालतो. केबलमधलं परावर्तन तसंच राहतं. म्हणून मीटर उचला, गच्चीवर जा, आणि अँटेनाच्या बुडाशी लावून बघा.