चिमूटभर चिखल

न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहारी नदीवरचा महामार्गाचा पूल १९५४ मध्ये खुला झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने भला मोठा पूर पाहिला. पूल जागचा हलला नाही. ५ एप्रिल १९८७ रोजी त्याहून लहान पुरात मात्र तो कोसळला आणि दहा माणसं वाहनांसकट गेली.

पायाखालचा थर हिमनदीने आणून टाकलेला होता. चिखल, रेती, गोटे असं सगळं त्यात घट्ट दाबलं गेलेलं. असा थर सहजी खचत नाही, ही समजूत चुकीची नव्हती, अपुरी होती. निव्वळ रेतीत खांबाभोवती खळगा पडायला काही तास पुरतात. चिकण मिसळलेला थर तेवढ्याने बधत नाही, पण दर पुराला थोडाथोडा झिजत राहतो आणि गेलेलं परत मिळत नाही. संरक्षणाचे दगडही वाहून गेले होते, तेव्हा बत्तीस वर्षांपूर्वी सोसलेला पूर आता सोसणं शक्य नव्हतं.

पाण्याने तळ कसा झिजतो याचा अभ्यास बराच काळ दोन वेगळ्या वाटांनी चालला. स्वीडनच्या फिलिप युलस्ट्रोमने १९३५ मध्ये फिरिस नदीच्या अभ्यासातून एक आलेख मांडला. त्यानुसार प्रवाह सर्वांत सहज उचलतो ती बारीक ते मध्यम रेती. जाड गोट्याला त्याचं वजन राखतं, चिकणमातीच्या सूक्ष्म कणाला त्याचा चिकटपणा. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये अल्बर्ट शील्ड्सने सुट्या दाण्यांचं गणित बसवलं. चिखलाचं गणित त्यामानाने उशिरा आलं: इमॅन्युएल पार्थेनियाडिसने सॅन फ्रान्सिस्को उपसागरातल्या चिखलावर केलेले प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. मग रेतीला एक सूत्र, चिखलाला दुसरं, असा कारभार सुरू झाला. खाडीत मात्र दोन्ही एकत्रच असतात. कोकणातल्या खाडीच्या मुखाशी पुळण, आत गेलं की गुडघाभर चिखल, आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात दोहोंची सरमिसळ.

या सरमिसळीवरच्या प्रयोगांचा गोषवारा मिचनर आणि टॉर्फ्स या संशोधकांनी १९९६ मध्ये मांडला. रेतीत वजनाने ३ ते १५ टक्के चिखल मिसळला की तिचं वागणं बदलतं, ती सुट्या दाण्यांसारखी वाहत नाही. उलट चिखलात रेती घातली तर तोही अधिक चिवट होतो!

कारण दाण्यांमधल्या फटींत आहे. स्वच्छ रेतीत दाणे एकमेकांना टेकलेले असतात, फटींतून पाणी खेळतं, आणि वरचा दाणा सुटायचा तर त्याला कोणी धरत नाही. चिकणाचे कण दोन मायक्रॉनहून लहान, चपटे आणि विद्युतभारित. ते फटींत बसले की दाण्याला हलायला जागा उरत नाही आणि त्याच्याखाली पाणीही चटकन शिरत नाही. चिकण आणखी वाढलं की रेतीचे दाणे एकमेकांपासून सुटतात आणि चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे अडकून पडतात. मग झीज दाण्यादाण्याने होत नाही. प्रवाह जोरात असेल तर लपकेच्या लपके उखडतात. चिखलात घातलेल्या रेतीचं काम वेगळं: तिच्यामुळे थर जड होतो, पाणी लवकर निथळतं आणि चिखल दाबून बसतो.

   

सूत्रात सहसा न मावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जीवसृष्टी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर डायटम शेवाळ चिकट द्रव सोडतं आणि वरचा पापुद्रा बांधला जातो. युरोपच्या किनाऱ्यावर कोरोफियम नावाचा कोळंबीवर्गीय जीव तोच थर पोखरून भुसभुशीत करतो. त्यामुळे एकाच जागेचा चिवटपणा ऋतूगणिक वेगळा मिळतो.

मोजणीतही गोम आहे. प्रयोगशाळेत रेती आणि चिखल बादलीत एकसारखे कालवले जातात. खाडीत वादळ रेतीचा थर टाकतं आणि पाणी संथ झालं की त्यावर चिखल बसतो. म्हणून अमेरिकेत सेडफ्लूम नावाचं उपकरण वापरतात. तळातून अखंड काढलेली गाळाची नळी खालून हळूहळू वर ढकलायची, वरचा थर वाहत्या पाण्याने कातरत न्यायचा आणि किती ढकलावं लागलं ते नोंदायचं. एकाच नळीत काही सेंटिमीटरांवर झिजेचा वेग कित्येक पटींनी बदललेला दिसतो. बंदरातल्या गाळाचा हिशेब करायचा तर वरवरचा मूठभर नमुना त्यामुळेच पुरत नाही.