इन्सिएन्सो : एका मरुझुडुपाची नावे आणि भाषांतराचा प्रश्न

अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या सोनोरन वाळवंटात साधारण मीटरभर उंचीचे, करड्या-पांढुरक्या पानांचे एक रानझुडूप आढळते. वसंतात त्याच्या पर्णसंभारावर लांब देठांची पिवळी फुले डोलू लागतात. कूळ शेवंती-सूर्यफुलाचे, म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक पुष्पकांचा स्तबक. तौलनिक अभ्यासकास मात्र त्याच्या फुलांहून त्याची नावे अधिक विचारात पाडतात.

'एन्सेलिया फारिनोसा' हे शास्त्रीय नाव १८४८ साली प्रसिद्ध झाले. 'फारिनोसा' म्हणजे पिठूळ. हे पीठ म्हणजे पानांवरील दाट लव. पाणी तुटू लागले की नव्या पानांवरील लव वाढते, प्रकाश परावर्तित होतो आणि पान तापत नाही. पाऊस बरा झाला तर पाने मोठी व हिरवट येतात. नामकर्त्याने एका ऋतूतले रूप कायमचे केले, असे म्हणावयास हरकत नाही. इंग्रजी नाव ठिसूळ फांद्यांवरून आले आहे, तर स्पॅनिशमध्ये ते 'रामा ब्लांका', पांढरी फांदी, आणि 'इन्सिएन्सो', म्हणजे धूप.

या शेवटच्या नावात इतिहास दडला आहे. १६८७ साली एउसेबियो किनो हा जेझुइट धर्मोपदेशक या प्रदेशात आला आणि मिशनांची साखळी उभी राहिली. अरबस्तानाकडील ऊद तेथे कोठून मिळणार? स्पॅनिश पाद्र्यांनी या झुडुपाची सुगंधी राळ जाळली आणि विधीतील वस्तूचे नाव झुडुपास चिकटले. नाव हेच मुळी एक भाषांतर होते.

किनाऱ्यावरील सेरी अथवा कोमकाक लोकांची दृष्टी याहून सूक्ष्म आहे. बुडाशी मिळणारी राळ तापवून ते तिने हार्पूनचे टोक दांड्याला पक्के करीत. वरच्या फांद्यांवरील चिकट पिवळी राळ मडकी लिंपण्यास वापरीत. फेल्गर आणि मोझर यांच्या १९८५च्या ग्रंथामुळे सेरींचे वनस्पतिज्ञान आपल्यापर्यंत पोचले. 'धूप' या एका शब्दाने राळेचा हा भेद पुसला जातो.

मराठीत काय करावे? 'धूप' म्हटले की देवघर व धुपारती येतात. 'लोबान' म्हटले की दर्गा. सातपुड्यातील सालई तर मूळ उदाच्या झाडाचीच सगोत्र आहे आणि तिचा डिंकही जाळला जातो. परंतु ती शेवंतीच्या कुळातील नव्हे, म्हणून हा मोह विशेष फसवा. 'रानशेवंती' हा पर्याय कूळ सांभाळतो, पण गंध आणि मिशन दोन्ही गमावतो. माझ्या मते मिशनसंबंधी लेखनात 'इन्सिएन्सो' तसेच ठेवावे, आणि सेरी कथनात सेरी शब्दच योजून कोणती राळ अभिप्रेत आहे ते वाक्यातच उलगडावे, मग वाक्य थोडे लांबले तरी चालेल.