रोरिकांची देविकाराणी

मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील हळदणकरांची दीपधारिणी पाहून, आणि पुष्कळदा ते जलरंगातील चित्र रविवर्म्याचे तैलचित्र आहे अशा समजुतीत, धन्य होऊन परतणारा मराठी प्रवासी वाटेत बंगळूरला उतरला, तरी कुमारकृपा मार्गावरील कर्नाटक चित्रकला परिषदेकडे सहसा फिरकत नाही. १९६० साली स्थापन झालेल्या या संस्थेत निकोलस आणि स्वेतोस्लाव या रोरिक पितापुत्रांच्या चित्रांचे स्वतंत्र दालन आहे.

यांपैकी पुत्र स्वेतोस्लाव हे १९०४ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मलेले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजची स्वामिनी, ‘अछूत कन्या’ची नायिका आणि पुढे पहिल्या फाळके पुरस्काराची मानकरी ठरलेली देविकाराणी १९४५ साली चित्रपटसंन्यास घेऊन त्यांच्याशी विवाहबद्ध झाली, आणि काही वर्षे कुलूच्या खोऱ्यात काढून उभयतांनी बंगळूरनजीक कनकपुरा रस्त्यावरील तातगुणी येथे, सुगंधी तेलाच्या झाडांची लागवड असलेल्या साडेचारशे एकरांहून मोठ्या मिळकतीत बिऱ्हाड थाटले. पत्नीला समोर बसवून स्वेतोस्लावांनी तिची अनेक चित्रे रंगविली.

जरीकाठी वस्त्र, अलंकार, क्वचित हाती एखादे फूल, अशा थाटाची स्त्रीचित्रे त्या काळी दिवाणखान्यांसाठी विपुल निघाली. १९४७ नंतरच्या मुंबईतील बंडखोर चित्रकारांच्या पिढीला ती केवळ शोभेची वाटली, आणि बहुतेकांच्या बाबतीत हा शेरा यथार्थच होता. मात्र रोरिकांच्या ठायी अलंकरण हा चेहऱ्यावर चढविलेला साज नव्हे. वस्त्र, पार्श्वभूमी आणि मुद्रा एकाच तेजस्वी रंगमेळात अशी गुंफलेली असतात की दागिना काढला तर व्यक्तीच अपुरी राहावी. संग्राहकास या चित्रांचा मोह पडतो तो मात्र नेहमी या गुणामुळेच असे नाही: परिचित मुखडा, सरलेल्या जमान्याचा पोशाख आणि भिंतीवर सहज सामावणारा आकार यांनाही तो भुलतो, आणि त्यात गैर ते काय?

स्वेतोस्लाव १९९३ च्या जानेवारीत आणि देविकाराणी १९९४ च्या मार्चमध्ये निवर्तली; अपत्य नसल्याने मिळकतीवरून कज्जेदलाली माजली. ती सरकारजमा करणारा कर्नाटकाचा १९९६ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली उचलून धरला. इतक्या वादग्रस्त वारशातील म्हणून देविकाराणीचे चित्र कोणी विकावयास आणले, तर रंग कितीही मोहक असोत, मालकीची अस्सल कागदपत्रे पाहिल्याविना संग्राहकाने बयाणा देऊ नये.