कॅमेऱ्यात संपलेला सेल घड्याळात का चालतो?

पेन्सिल सेलवर चालणारा डिजिटल कॅमेरा ज्यांनी वापरला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नवे कोरे अल्कलाइन सेल घातलेले असतात. कार्यक्रम अर्ध्यावर येतो आणि पडद्यावर बॅटरी संपल्याची खूण दिसू लागते. तेच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले, तर घड्याळ मात्र पुढे कितीतरी महिने बिनतक्रार चालते. मग सेल संपला होता की नव्हता?

दुसरे कोडे याहून गमतीचे आहे. अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असते, तर पुन्हा चार्ज करता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट. तरीही कॅमेऱ्यात हा कमी दाबाचा सेलच जास्त फोटो काढू देतो. मोबाइलमुळे असे कॅमेरे आता मागे पडले असले, तरी अनेक शाळांच्या कपाटांत ते अजून आहेत. बाहेरून जोडायचे फ्लॅश, बिनतारी माइक, खेळणी यांनाही हेच सेल लागतात. त्यामुळे या दोन कोड्यांची उकल झाली, तर सेलची निवड करणेही सोपे जाईल.

अंतर्गत रोधाचा खेळ

सेल म्हणजे केवळ विद्युत दाबाचा साठा नव्हे. सेलमधील रसायने, अपघटनी द्रव आणि जोडण्या यांचा स्वतःचा थोडासा रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. सेलमधून प्रवाह वाहू लागला की ओहमच्या नियमानुसार काही दाब या रोधातच खर्च होतो आणि उरलेला बाहेरच्या उपकरणाला मिळतो.

अर्धा वापरलेला एक अल्कलाइन सेल घेऊ. समजा प्रवाह वाहत नसताना त्याचा दाब १.३ व्होल्ट आणि अंतर्गत रोध ०.३ ओहम आहे. घड्याळाला लागणारा सरासरी प्रवाह एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो. त्यामुळे दाबातील घट नगण्य राहते आणि घड्याळ चालते. कॅमेऱ्याचे मात्र वेगळे आहे. भिंगाची मोटर, पडदा आणि फ्लॅशचे चार्जिंग यांच्यासाठी काही क्षण एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. मग ०.३ व्होल्ट सेलच्या आतच खर्च होतात आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला १.० व्होल्टच येतो. कॅमेरा प्रत्येक सेलमागे १.०५ व्होल्टला थांबणारा असेल, तर तो बंद पडणारच. सेल खरोखर संपलेला नसतो. तेवढा प्रवाह देण्याची त्याची ताकद संपलेली असते.

आता निकेल-मेटल हायड्राइड सेल पाहा. प्रवाह नसताना त्याचा दाब समजा १.२४ व्होल्ट आणि रोध ०.०४ ओहम आहे. एक अँपिअर प्रवाहाला तो १.२० व्होल्ट दाब देतो. शिवाय अल्कलाइन सेलचा दाब वापराबरोबर सतत उतरत जातो, तर या सेलचा दाब बराच काळ १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि अगदी शेवटी झपाट्याने पडतो. दुसऱ्या कोड्याचे उत्तर हेच.

वर्गात करून पाहा

एक डिजिटल मल्टिमीटर आणि ५ ओहमचा, १ वॅटचा रोधक घ्या. प्रथम सेलचा दाब मोजा. मग रोधक जोडून दोन-तीन सेकंदांत पुन्हा दाब मोजा. मल्टिमीटरची टोके थेट सेलच्या टोकांना लावावीत. आता

अंतर्गत रोध = बाहेरचा रोध × (पहिला दाब − दुसरा दाब) ÷ दुसरा दाब

उदाहरणार्थ, पहिला दाब १.५० आणि दुसरा १.४४ व्होल्ट आला, तर अंतर्गत रोध सुमारे ०.२ ओहम. नवा अल्कलाइन, जुना अल्कलाइन आणि चार्ज केलेला सेल यांची तुलना विद्यार्थ्यांना करू द्या. मात्र चार्ज होणाऱ्या सेलची दोन टोके नुसत्या तारेने कधीही जोडू नका. रोध कमी असल्याने प्रवाह प्रचंड वाहतो आणि तार तापून हात भाजू शकतो.

सेल निवडताना

सेलवर २००० एमएएच असे आकडे असतात. याचा अर्थ मिलिअँपिअर-तास. ४०० मिलिअँपिअर प्रवाह पाच तास दिला, की २००० मिलिअँपिअर-तास झाले. मोठा आकडा म्हणजे चांगला सेल, असे आपण सहज समजतो. पण येथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जुन्या पद्धतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवले, तरी महिन्याभरात त्यांतील पाव हिस्सा वा अधिक प्रभार आपोआप नाहीसा होऊ शकतो. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप नावाने ही गळती फार कमी असलेले सेल आणले. आज अनेक कंपन्यांचे असे सेल मिळतात. त्यांच्यावर 'आधीच चार्ज केलेले' असे लिहिलेले असते. शाळेचा कॅमेरा महिन्यातून एकदाच बाहेर निघतो. तेव्हा २७०० च्या गळक्या सेलपेक्षा २००० चा न गळणारा सेल आपल्या उपयोगाचा. याच आकाराच्या सेलवर ४००० सारखा आकडा दिसला, तर तो खोटा समजावा.

लिथियम-आयनचा १४५०० नावाचा सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण त्याचा दाब ३.७ व्होल्ट असतो. तो कॅमेऱ्यात घातल्यास कॅमेरा कायमचा बिघडू शकतो. खरेदी करताना दाबाचा आकडा वाचल्याशिवाय सेल घेऊ नये.

चार्जर आणि देखभाल

साध्या, मंद चार्जरने २००० एमएएचचा सेल २०० मिलिअँपिअरवर चार्ज केला, तर हिशेबाने दहा तास लागावेत. प्रत्यक्षात चौदा ते सोळा तास लागतात, कारण काही ऊर्जा उष्णतेत जाते. वेळ विसरलो तर सेल अति चार्ज होऊन तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. सेल भरला की त्याचा दाब किंचित खाली येतो. ही खूण ओळखून स्वतःच थांबणारा, प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर थोडा महाग असला, तरी तोच घ्यावा. सेलवर केलेला खर्च त्यामुळेच वसूल होतो.

चार सेलचा संच एकत्र विकत घ्यावा, त्यावर तारीख व क्रमांक लिहावा आणि तो एकत्रच वापरावा. जुना-नवा सेल मिसळला, तर दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे तीन त्यातून प्रवाह ढकलत राहिल्याने तो उलटा चार्ज होऊ लागतो. तो सेल मग कायमचा खराब होतो. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम सेलप्रमाणे दर वेळी पूर्ण रिकामा करून मगच चार्ज करण्याची गरज या सेलना नाही.

चार्ज होणारा एक चांगला सेल काहीशे वेळा वापरता येतो, म्हणजे तितकेच साधे सेल कचऱ्यात जायचे वाचतात. आपल्या गावातील भाव घेऊन, चार्जरची किंमत किती वापरांत भरून निघते, हे गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना अवश्य घालावे. निकामी झालेले सेल मात्र केराच्या टोपलीत टाकू नयेत, जाळूही नयेत. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे. शाळेत एक खोके ठेवून असे सेल गोळा करणे आणि संकलन केंद्रावर पोचवणे, हा विज्ञान मंडळासाठी वर्षभर चालणारा उपक्रम होऊ शकेल.