शेकाचे दिवस : तालीम घरूनच हवी

मैत्रिणींनो, घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला की घर हादरते. आणि लघवीचे बोलणे सुनेशी करायचे कसे, म्हणून तो माणूस गप्पच बसतो. आमच्या मामंजींनी तेच केले. शेकाच्या, म्हणजे किरणोपचाराच्या वेळी लघवीची पिशवी बहुधा भरलेली लागते. त्यामुळे आतडी किरणांपासून दूर राहतात. पण वाटेत धोतर खराब होईल या धास्तीने मामंजी पाणीच पीत नसत. मग पुन्हा पाणी प्या, पुन्हा ताटकळत बसा!

म्हणून तालीम घरीच करा. लघवी करून आले की डॉक्टरांनी सांगितले तितके पाणी द्या आणि घड्याळ बघा. सोबतच्या थैलीत जादा कपडे ठेवा, धीर येतो. पोटही साफ हवे.

शेक काही मिनिटांचा असतो, दुखत नाही. बहुधा आठवड्यातून ५ दिवस, असे काही आठवडे. पुढे थकवा येतो, लघवीला जळजळ होते, जुलाबही होतात. त्या दिवसांत शेवभाजी आणि ठेचा बंद; मुगाची मऊ खिचडी बरी. कातडीवरच्या खुणा घासू नका. लघवी अडली किंवा रक्त दिसले तर लगेच डॉक्टरांना गाठा.

जळगाव-धुळ्याहून परळच्या टाटा रुग्णालयात जाणार असाल, तर मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. रेल्वेभाड्यात रुग्णाला व सोबत्याला सवलत असते.

आणि हो, बाहेरून दिलेल्या या शेकाने घरात कुणाला बाधा होत नाही. नातवंडांना खुशाल आजोबांच्या मांडीवर बसू द्या.